चिमणीचा निर्णय घेताना बाळंतपणांची वहीही समोर ठेवा

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन
आणि
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ

विषय : चंद्रपूर जिल्ह्यातल्या गरोदर बायांची हवा आणि अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं

स. न. वि. वि.

११ जुलै २०२५ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने कोळशावरच्या वीज केंद्रांसाठी एक अधिसूचना काढली. चिमणीच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड धुऊन काढणारी यंत्रणा, जिला सगळे एफजीडी म्हणतात, ती बसवण्याच्या सक्तीतून देशातल्या जवळपास ७८ टक्के संचांना सूट मिळाली. दिल्ली परिसर आणि दहा लाखांवर वस्तीची शहरं यांच्या दहा किलोमीटरच्या आतल्या केंद्रांना सक्ती कायम राहिली. मधला एक ‘ब’ गट आहे. अतिप्रदूषित ठरलेली क्षेत्रं आणि हवेची मानकं न गाठलेली शहरं यांच्या दहा किलोमीटरच्या आतली केंद्रं या गटात येतात. चंद्रपूर या दोन्ही याद्यांत आहे. ब गटातल्या प्रत्येक केंद्राचं प्रकरण वेगळं तपासून, तज्ज्ञ मूल्यांकन समितीच्या शिफारशीवरून निर्णय व्हायचा, असं अधिसूचना सांगते. यंत्रणा बसवायची ठरली तरी मुदत ३० डिसेंबर २०२८ पर्यंतची आहे.

म्हणजे आमच्या गावांवरच्या चिमण्यांचं काय करायचं, ते कुठल्यातरी बैठकीत कागद पाहून ठरणार. त्या कागदांत कोळशातल्या गंधकाचं प्रमाण असेल, यंत्रणेचा खर्च असेल, विजेचा दर असेल. आमच्या उपकेंद्रांतली बाळंतपणांची नोंदवही मात्र तिथे कोणी नेणार नाही, अशी मला भीती वाटते. ती वही आरोग्य विभागाकडे आहे. हवेची वही प्रदूषण मंडळाकडे आहे. दोन्ही एकाच सरकारच्या असून आजवर शेजारीशेजारी ठेवलेल्या मी पाहिल्या नाहीत. म्हणून हे पत्र दोघांना मिळून लिहिते आहे, आणि उघड लिहिते आहे, कारण ज्यांच्या पोटी ही बाळं येतात त्यांनाही हे वाचता आलं पाहिजे.

मी निवृत्त आरोग्य सेविका आहे. नोकरीची बहुतेक वर्षं कोळसा पट्ट्यातल्या उपकेंद्रांवर गेली. आमच्या घरची भाकरीही कोळशावरच चालली. नवरा खाणीत होता. खाणी बंद करा, वीज केंद्रं पाडा, असं सांगायला मी आलेली नाही. इथली वीज राज्यभर जाते, ती लागते, हे मला कळतं. आमच्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. त्याला लागून उघड्या खाणी आहेत, जिल्ह्यात सिमेंटचे कारखाने आहेत, स्पंज आयर्न आहे, कागद कारखाना आहे. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक क्षेत्रांना प्रदूषणाचे गुण दिले तेव्हा चंद्रपूरला ८३.८८ मिळाले आणि देशात चौथा नंबर लागला. २०१८ च्या फेरमोजणीतही आम्ही ‘अतिप्रदूषित’ यादीतच राहिलो. हे सरकारी आकडे आहेत.

आता माझा या प्रश्नाशी संबंध काय, ते सांगते.

माझी मुलगी पहिलटकरीण. सासरही जिल्ह्यातलंच. वय योग्य, हिमोग्लोबिन बारा, रक्तदाब ठीक, साखर नाही, लघवीची तपासणी स्वच्छ. आई नर्स असल्यावर आणखी काय असणार. तिच्या कार्डावर जोखमीचा एकही शिक्का नव्हता. सातव्या महिन्यात ओटी भरली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तिला कळा सुरू झाल्या. एकतिसावा आठवडा. बाळाची फुफ्फुसं तयार व्हावीत म्हणून डेक्सामेथासोनची सुई देतात, तिचा पहिला डोस मिळाला, पुढचे द्यायला वेळच मिळाला नाही. नात जन्मली, वजन चौदाशे ग्रॅमच्या आसपास. आमच्याकडे अशा बाळाला “पेटीत ठेवलं” म्हणतात.

नवजात अतिदक्षता कक्षात माझ्या मुलीला ताप आला तेव्हा कांगारू पद्धतीने बाळ छातीशी धरायची पाळी माझ्यावर आली. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या आयांना ते शिकवलं. उघड्या छातीवर बाळ, वरून साडीचा पदर घट्ट, बाळाचं डोकं एका कुशीला. एवढ्या लवकर आलेल्या बाळाचं श्वास घेणं मेंदूला अजून नीट जमत नसतं. ते मध्येच श्वास घ्यायचं थांबतं. यंत्र वाजायला लागायच्या आधी मला छातीवर कळायचं, कारण पोटाची ती बारीक हालचाल थांबायची. मग तळव्याला टिचकी मारायची. पुन्हा मारायची. की एक उसासा टाकून श्वास चालू. नाकात नळी, पायाला चिकटपट्टी, आणि तळवा माझ्या अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडाच मोठा. नात वाचली, आज चालते-बोलते. तिचं श्रेय तिथल्या परिचारिकांना आहे.

डॉक्टरांना मी विचारलं, कारण काय. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की नक्की कारण सांगता येणार नाही. मीही सांगत नाही की अमक्या चिमणीमुळे माझी नात लवकर आली. एका बाळाबद्दल तसं कोणालाच सांगता येत नाही. पण हजारो बाळांबद्दल सांगता येतं, आणि ते जगभरात सांगून झालेलं आहे. माझी तक्रार तिथून सुरू होते.

२०२० या एका वर्षात भारतात सुमारे ३०.२ लाख बाळं ३७ आठवडे पुरे व्हायच्या आत जन्मली. जगात सगळ्यात जास्त आपल्याकडे. पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूचं जगातलं पहिलं कारण हेच, अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि त्यातून उद्भवणारे त्रास. २०१९ मध्ये भारतात जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात दगावलेल्या बाळांपैकी १ लाख १६ हजारांहून अधिक मृत्यूंना हवेचं प्रदूषण कारणीभूत ठरलं, असा ‘स्टेट ऑफ ग्लोबल एअर’चा अंदाज आहे, आणि त्यातली बहुतेक बाळं कमी वजनाची किंवा दिवस न भरलेली होती. आयआयटी दिल्ली आणि मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांच्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी घेऊन गरोदरपणातली हवा आणि जन्म यांची जुळणी केली. २०२५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. हवेतले पीएम २.५, म्हणजे अतिबारीक कण, घनमीटरमागे दहा मायक्रोग्रॅमने वाढले तर अपुऱ्या दिवसांच्या जन्माचं प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी वाढलेलं त्यांना दिसलं. आपल्या देशाचं वार्षिक मानक ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ पासून ५ आहे. या दोन आकड्यांमध्ये किती दहा-दहा बसतात ते ज्याने त्याने मोजावं.

पूर्वी आम्हाला शिकवलं होतं की वार म्हणजे गाळणी, आईच्या अंगातली घाण बाळापर्यंत जाऊ देत नाही. २०१९ मध्ये बेल्जियमच्या हासेल्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी वारेच्या बाळाकडच्या बाजूला काजळीचे कण दाखवले. २०२२ मध्ये गर्भाच्या यकृतात, फुफ्फुसांत आणि मेंदूतही ते सापडल्याचं प्रसिद्ध झालं. आई श्वासातून जे आत घेते ते तिच्या रक्तात उतरतं, शरीरात सूज वाढते, वारेचा रक्तपुरवठा बिघडू शकतो. कळा वेळेआधी सुरू होण्याची वाट त्यातूनच निघते, असं शास्त्रज्ञ मानतात.

आणि उलटंही घडतं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कॅलिफोर्नियात २००१ ते २०११ या काळात कोळशावर आणि तेलावर चालणारी आठ वीज केंद्रं बंद झाली. पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मातांमध्ये अपुऱ्या दिवसांच्या जन्माचं प्रमाण ७ टक्क्यांवरून ५.१ टक्क्यांवर आलं. २०१८ मध्ये हा अभ्यास छापून आला. त्यासाठी संशोधकांना काय लागलं? जन्माच्या नोंदी, आईचा पत्ता आणि केंद्र बंद झाल्याची तारीख. एवढंच. या तिन्ही गोष्टी आपल्याकडे चंद्रपुरात आहेत. आपल्या औष्णिक केंद्राचेही २१० मेगावॉटचे दोन जुने संच बंद झाले. त्यानंतर आसपासच्या बाळंतपणांत काही फरक पडला का, हे आपल्या कुठल्याही खात्याने शोधल्याचं माझ्या वाचनात नाही.

आता तक्रारी, एकेक करून.

पहिली तक्रार माझ्याच विभागाशी आहे. गरोदर बाई नोंदवायला आली की आम्ही काय विचारतो? शेवटच्या पाळीची तारीख, कितवी खेप, आधीची बाळंतपणं, वजन, रक्तदाब, रक्तगट, हिमोग्लोबिन. उंची कमी असली तरी जोखमीची माता म्हणून नोंद होते. योग्यच आहे. पण ही बाई राहते कुठे, तिच्या दारावरून कोळशाच्या गाड्या जातात का, स्वयंपाक सिगडीवर होतो का, ती राखेच्या तळ्याशेजारी शेतात राबते का, यासाठी आमच्या रजिस्टरात रकाना नव्हता. जे विचारलं जात नाही ते खात्याच्या लेखी नसतंच. अशक्तपणा, कमी वय, दोन बाळांतलं कमी अंतर, रक्तदाब, जंतुसंसर्ग ही सगळी कारणं खरी आहेत आणि आम्ही त्यांच्यावर जिवापाड काम केलं. पण ज्या बाईत यातलं काहीच नसताना कळा सुरू होतात, तिच्यापुढे ‘कारण : माहीत नाही’ असं लिहून वही मिटायची, हे किती वर्षं करायचं?

यातच एक गोष्ट आहे जी दप्तरात बसून दिसत नाही. आमच्या बाया पाळीची तारीख सणावरून सांगतात. “पोळ्याच्या आधी झाली होती, ताई.” “होळी होऊन आठ-पंधरा रोज झाले असन.” त्यावरून आम्ही आठवडे मोजतो. मग बाळ दोन किलोचं जन्मलं की ते दिवस न भरलेलं की दिवस भरूनही वाळलेलं, हे धड ठरत नाही आणि नोंद होते नुसती ‘कमी वजन’. खरी अपुऱ्या दिवसांची किती बाळंतपणं अशी निसटली असतील! पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी झाली तर आठवडे नेमके कळतात. ती सगळ्यांची वेळेवर होत नाही, कारण यंत्र असतं तिथे डॉक्टर नसतो, आणि दोन्ही असतात तिथे जायला मजुरी बुडवावी लागते.

दुसरी तक्रार मोजमापाची. शहरात आणि खुटाळा औद्योगिक वसाहतीत हवा सतत मोजणारी केंद्रं आहेत. चांगली गोष्ट आहे. पण बाया राहतात घुग्घुस, दुर्गापूर, ताडाळी, राजुरा, गडचांदूरच्या वस्त्यांत, खाणीच्या काठच्या गावांत. शहरातला आकडा त्यांच्या अंगणातला नसतो. शिवाय राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला तेव्हापासून शहरांची प्रगती मोजली जाते ती मुख्यतः पीएम १० वर, म्हणजे जाड धुळीवर. रस्ता झाडला, पाणी मारलं की ती धूळ कमी होते आणि आकडा सुधारतो. फुफ्फुसाच्या तळाशी जाऊन रक्तात मिसळणारे कण पीएम २.५ चे. गर्भाला त्रास त्यांचा. वारेत सापडलेली काजळी तर त्याहूनही बारीक असते. रस्त्यावर पाणी मारून ती खाली बसत नाही.

तिसरी तक्रार एफजीडीच्या निर्णयाची, आणि ती सगळ्यात जड आहे. वीज केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा ७ डिसेंबर २०१५ ला ठरली. दोन वर्षांत पाळायची होती. मग मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ. २०१७ च्या थंडीत जन्मलेली बाळं आता दुसरी-तिसरीत गेली. आणि आता सांगतात की आपल्या कोळशात गंधक कमी आहे, हवेतला सल्फर डायऑक्साइड मर्यादेत आहे, यंत्रणेला पाणी आणि वीज लागते, खर्च ग्राहकावर पडतो. खर्चाचं मला समजतं. पण हवेतला वायू मर्यादेत आहे हे उत्तर अपुरं आहे, कारण तो वायू वायूच राहत नाही. चिमणीतून निघून वाऱ्याबरोबर जाता जाता त्याचे सल्फेटचे बारीक कण होतात आणि ते पीएम २.५ मध्ये जमा होतात. चिमणीजवळच्या यंत्राला ते दिसत नाहीत. खाली, पुढच्या तालुक्यातल्या बाईच्या छातीत जातात. थंडीत हवा जमिनीलगत कोंडते तेव्हा तर हे सगळं आमच्यावरच बसतं. यंत्रणेचा खर्च मांडताना नवजात कक्षातल्या एका खाटेचा खर्च मांडला का? आईची बुडालेली मजुरी, बाळाच्या डोळ्यांची तपासणी, पुढे शाळेत मागे पडणारं मूल, हे कुठल्या हिशोबात धरलं? आरोग्य विभागाने या निर्णयाआधी काही लेखी म्हणणं दिलं असेल तर ते आम्हाला दाखवा. दिलं नसेल तर ब गटाच्या निर्णयाआधी द्यायची संधी आहे.

चौथी तक्रार सल्ल्यांची. हवा बिघडली की पत्रक निघतं : गर्भवतींनी घराबाहेर पडू नये, मास्क लावावा, खिडक्या बंद ठेवाव्यात. मी स्वतः असली पत्रकं वाचून दाखवली आहेत. समोर बसलेल्या बाईचं घर टिनाचं, दाराला फट, खिडकीला तावदान नाही. तिला सहाव्या महिन्यातही निंदणाला जावं लागतं. एकीने मला विचारलं होतं, “बाहीर नोको जाऊ म्हनता ताई, तं घरातली हवा कोन वेगळी हाये?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरी आम्ही उपकेंद्रात आतल्या खोलीत वाळवायचो, बाहेर घातल्या की संध्याकाळपर्यंत हात लावला तिथे काळा डाग उमटायचा. त्याच चादरीवर बाळंतीण झोपवायची. खिडकी बंद करण्याचा सल्ला त्या बाईला देण्याआधी गाडीवर ताडपत्री घालण्याचा आदेश ज्याला द्यायचा त्याला देऊन तो पाळला जातो का हे पाहणं, मंडळाच्या हातात आहे.

सिगडीबद्दलही बोलायला हवं, ते लपवण्यात अर्थ नाही. कोळसा पट्ट्यात कितीतरी घरांत अजून कोळशाची सिगडी आहे. अंगणात पेटवतात, धूर ओसरला की उचलून आत आणतात. धूर दिसेनासा झाला तरी विषारी वायू निघत राहतो, आणि थंडीत दार लावून शेक घेत बसणारी बहुधा गरोदर बाई आणि म्हातारी. २०१६ पासून उज्ज्वलाचं सिलिंडर घरोघर आलं, पण दुसरं भरायला पैसे नसले की ते कोपऱ्यात उभं राहतं. गरोदरपणातल्या घरातल्या धुराचा अपुऱ्या दिवसांच्या आणि हलक्या बाळांशी संबंध आहे, हे जगभरच्या अनेक अभ्यासांत दिसलं आहे. तेव्हा कारखान्यांनी सिगडीकडे बोट दाखवायचं आणि आम्ही चिमणीकडे, हा वाद मला नको आहे. गर्भातल्या बाळाला दोन्हीकडचा धूर एकदमच मिळतो.

पाचवी गोष्ट थोडक्यात. घरी सोडलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांकडे आशाताई जातात, मनापासून जातात. पण ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा महिन्याच्या आत तपासावा लागतो, नाहीतर नजर जाऊ शकते. त्यासाठी खेड्यातली बाळंतीण एवढंसं बाळ घेऊन बसने लांबच्या शहरात जाणार कशी? अनेकजणी जात नाहीत. वर्षभराने मूल आईकडे बघत नाही तेव्हा कळतं.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

ब गटाच्या निर्णयाआधी चंद्रपूर जिल्ह्यातल्या किमान मागच्या पाच वर्षांच्या बाळंतपणांच्या नोंदी, ३७ आठवड्यांआधीचे जन्म, अडीच किलोखालची बाळं, मृतजन्म, हे सगळं प्राथमिक आरोग्य केंद्रनिहाय काढा आणि त्याच काळातल्या पीएम २.५ च्या नोंदींशेजारी मांडा. नावं काढून टाका, आकडे जाहीर करा. हे काम शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या समाजवैद्यक विभागाला देता येईल. २०१५ पासून चंद्रपूरला स्वतःचं महाविद्यालय आहे. आरोग्य विभागाने त्यावर आपलं लेखी मत तज्ज्ञ समितीला द्यावं आणि ते मराठीत प्रसिद्ध करावं. प्रदूषण मंडळाने चंद्रपूरच्या संचांना एफजीडीतून सूट नको, अशी स्पष्ट शिफारस करावी. निर्णय काहीही होवो, त्याची कारणं जिल्ह्यातल्या लोकांना वाचायला मिळावीत.

पुढे दर तीन महिन्यांनी ही जुळणी होत राहावी.

जिथे बाळंतपणं होतात त्या कोळसा पट्ट्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात पीएम २.५ मोजणारी यंत्रं लावा आणि आकडा दारावरच्या फळ्यावर मराठीत लिहा. फोनमधला इंग्रजी नकाशा आमच्या बायांच्या उपयोगाचा नाही.

माता-बाल संरक्षण कार्डावर तीन प्रश्न वाढवा : स्वयंपाक कशावर होतो, घर खाणीपासून, राखेच्या तळ्यापासून किंवा जड वाहतुकीच्या रस्त्यापासून किती लांब आहे, आणि काम कुठे करते. ज्यांची उत्तरं तशी येतील त्यांना जोखमीची माता धरा. त्यांची तपासणी लवकर-लवकर व्हावी, कळांची लक्षणं त्यांना पाचव्या महिन्यापासून समजावून सांगावीत, आणि डेक्सामेथासोनची सुई उपकेंद्रापर्यंत खरोखर शिल्लक असावी. कंबर दुखते, पाणी जातं, पोट घट्ट होतं, हे बाया अंगावर काढतात, कारण दिवस भरले नाहीत तर कळा कशा येतील, असं त्यांना वाटतं.

पहिल्या तिमाहीची सोनोग्राफी या पट्ट्यातल्या प्रत्येक गरोदर बाईला फुकट आणि जवळ मिळावी. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असतेच. त्या दिवशी गाडीची सोय करून हे जमवता येईल.

नोंदणीच्या दिवसापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत सिलिंडर भरून मिळावं, पूर्ण फुकट. पैसे आधी भरा, मग खात्यावर येतील, या पद्धतीने नको. आधी भरायला पैसे नसतात म्हणून तर सिगडी पेटते.

हवा अतिवाईट होईल त्या दिवशी बंधन बाईवर न घालता उद्योगांवर घाला. कोळशाची उघडी वाहतूक थांबवणं, खाणीतले स्फोट आणि भराई पुढे ढकलणं, वीज केंद्राचे राख पकडणारे संच पूर्ण क्षमतेने चालतात याची त्याच दिवशी तपासणी करणं, याचा आराखडा आधीच ठरलेला असावा आणि कोणी पाळला, कोणी नाही, हे जाहीर व्हावं.

आणि डोळ्यांच्या तपासणीसाठी, त्या एका फेरीसाठी, रुग्णवाहिका बाळाच्या घरापर्यंत पाठवा.

यातल्या कुठल्याच मागणीसाठी नवीन कायदा लागत नाही. सिलिंडर आणि यंत्रांना पैसे लागतील. बाकी बहुतेक कामाला दोन खात्यांनी एका टेबलाशी बसणं पुरेसं आहे. माझ्यासारख्या अनेक निवृत्त सेविका जिल्ह्यात आहेत. जुनी रजिस्टरं वाचून देण्याचं, सणांवरून सांगितलेल्या तारखा जुळवून देण्याचं काम आम्ही बिनमोबदला करू. आमचं अक्षर आम्हालाच लागतं.

आपण या पत्राचं उत्तर द्यावं, आणि ते माझ्या घरी पाठवण्याऐवजी जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या सूचना फलकावर लावावं, ही विनंती. कोणत्या मागण्या मान्य, कोणत्या अमान्य आणि का, एवढं त्यात असावं.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका
चंद्रपूर जिल्हा